तांबपानाच्या बियांविषयी

“मालतीदीदींची विद्वत्ता निर्विवाद होती. परंतु त्यांनी वेळेवर बी आमच्या हाती दिले असते, तर ते झाड आज आमच्या रोपवाटिकेत उभे असते. एका व्यक्तीच्या हट्टापायी एक संपूर्ण जात पृथ्वीवरून नाहीशी झाली, हे दुःखाने का होईना, आज म्हणावेच लागेल.”

मालू, ही वाक्ये तुझ्या शोकसभेत उच्चारली गेली. झाशीतल्या सिविल लाइन्समधल्या आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात, हार घातलेल्या तुझ्या छायाचित्रापासून हातभर अंतरावर. बोलणारे दिवाकरजी होते. अंदमानातल्या बेटावरच्या वनस्पतिशास्त्राच्या कार्यालयात ते तुझे कनिष्ठ सहकारी, किनाऱ्यावरची रोपवाटिका त्यांच्या ताब्यात असे, आणि या सभेसाठी ते लखनौहून मुद्दाम आले होते. ते हिंदीत बोलले. मी मराठीत उतरवताना एकही शब्द हलका केलेला नाही आणि जडही केलेला नाही. उभी हयात झाशीच्या कचेरीत वकिली करण्यात गेली; प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडल्याखेरीज खोडायला घ्यायचे नाही, एवढी शिस्त अजून शाबूत आहे.

मी तिथल्या तिथे उठलो होतो. रेणूने माझी बाही धरली. माझी सून, तुझी ही भाचेसून इकडचीच, बुंदेलखंडाची. आपली मराठी तिला सगळी कळते आणि रागावली की ती हिंदीतच रागावते.

“बाबूजी, बैठ जाइए. आज बुआजी का दिन है, बहस का नहीं.”

“बुआजी का दिन है, इसीलिए तो उठा हूँ.”

“आपका तो हर दिन पेशी का दिन है. बैठिए.”

तोवर माइक मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला होता आणि ते तुला त्यागमूर्ती म्हणू लागले होते. एका वक्त्याने तुला हट्टी ठरवले, दुसऱ्याने देवी केले, आणि दोघांच्याही भाषणाला सारख्याच टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही आता लोकांना सांगावे लागते. दोन्ही भाषणे स्मरणिकेत छापायची ठरली आहेत. चिटणीसबाईंनी माझ्याकडेही ‘दोन शब्द’ मागितले, आणि जाताजाता म्हणाल्या, “भाऊसाहेब, वाद नको हं.” त्यांना दोन शब्द हवे होते. त्यांना हे सगळे छापावे लागेल.

आधी अध्यक्षांचे निकालात काढतो, कारण ते सोपे आहे. तू कशाचाही त्याग केला नाहीस. ज्याला जे हवे ते सोडावे लागते त्याने त्यागाचे नाव घ्यावे. तुला हवे ते तू घेतलेस आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून घेतलेस. अण्णांनी लेकीसाठी ग्वाल्हेरचे स्थळ आणले, मुलगा इंजिनियर, घर चांगले; तेव्हा तू बेटावरून रजेवर आली होतीस, ओसरीवर बसून चिंचेच्या पानाची दांडी भिंगाखाली धरली होतीस आणि मान वर न करता म्हणालीस, “त्यांना सांगा, मुलगी पावसात राहते. कपडे वाळत नाहीत.” अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग तेच आल्यागेल्याला हा किस्सा सांगू लागले. गुरसरायला मामांकडे गेलो की पोरे तुझे डोळे बांधायची आणि नाकाशी पाने धरायची. तू वासावरून झाडाचे नाव सांगायचीस आणि हरलेल्याकडून बत्तासे वसूल करायचीस. अशा मुलीला लोक त्यागमूर्ती म्हणतात, कारण तुझ्या सुखाची त्यांना ओळखच पटत नाही.

आता झाडाचे. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही, मीही नाही. तू अनेकदा बोलावलेस, माझ्या तारखा संपल्या नाहीत. अंदमानातल्या त्या बेटाच्या मधोमध डोंगर आहे, त्याच्या माथ्यालगत एक कडा आहे, आणि वर्षाचा बराचसा काळ तो कडा ढगात बुडालेला असतो. जगाच्या पाठीवर ते झाड फक्त तिथे होते. त्याचे लॅटिन नाव तू घरात कधी उच्चारले नाहीस. पानाच्या पाठीवर तांब्याच्या भांड्यासारखी लव म्हणून तू त्याला ‘तांबपान’ म्हणायचीस. वाऱ्याने पिळवटलेले खोड, अंगभर शेवाळ, आणि पान चुरगळले की कच्च्या कैरीचा वास. ते भर पावसाळ्यात फुलायचे. फूल राईएवढे, तेही शेंड्याकडे. त्या दिवसांत वाट निसरडी, जळवा अंगावर चढणाऱ्या, म्हणून कार्यालयातले कोणी वर येत नसे. तू जायचीस. दोन स्थानिक वाटाडे, एक ताडपत्री, आणि आपल्या घरची रद्दी.

रद्दीचा उल्लेख मी मुद्दाम करतो. पाने-फुले दाबून वाळवायला कागद लागतो, आणि बेटावर मिळणारा गुळगुळीत कागद पाणी पीत नाही, अशी तुझी तक्रार असे. झाशीची हिंदी वर्तमानपत्रे मात्र भरपूर पाणी पितात, असा शोध तू लावलास. मग मी दर काही महिन्यांनी रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधून पार्सल करू लागलो. दतिया दरवाज्याच्या पोस्टातला बाबू विचारायचा, “वकील साहब, रद्दी भेज रहे हैं? इतनी दूर?” मी सांगायचो, “हमारी बहन को झाँसी की ख़बरें पसंद हैं.” त्या बेटावरच्या कपाटांत आज कितीतरी दुर्मिळ पाने आपल्या म्युनिसिपालटीच्या भांडणांत गुंडाळलेली पडली असतील. तुझ्या शास्त्रात माझा हातभार एवढाच, पण मी तो कोणाला नाकारू देणार नाही.

आणि आपला वाद. तू रजेवर आलीस की हिवाळ्यात गच्चीवर उन्हात आपण बसायचो, तू संत्री सोलायचीस, मी वाद सुरू करायचो. माझे म्हणणे साधे होते. सगळी जात एका कड्यावर ठेवणे म्हणजे एकाच साक्षीदारावर खटला उभा करणे. साक्षीदार मेला की खटला मेला. बी खाली आण, रोपे कर, चार ठिकाणी लाव. पुणे, बंगलोर, कुठेही.

“तो साक्षीदार नाही, भाऊ,” तू म्हणायचीस. “तो फिर्यादी आहे.”

“शब्दांचे खेळ माझ्यापाशी करू नकोस. बी का आणत नाहीस?”

“यंदा नाही.”

“मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस.”

“मागच्या खेपेलाही हेच खरं होतं. संत्रं घे.”

मी म्हणायचो, हा मालकी हक्क आहे, तुला ते झाड स्वतःचे वाटते. तू म्हणायचीस, “वकिलांना प्रत्येक गोष्टीत सातबारा दिसतो.” मग रेणू जिन्यावरून ओरडायची की चहा निवतोय आणि या दोघांचा ‘पेड़ का मुक़दमा’ काही संपत नाही. माझा पक्ष त्या वेळी बरोबर होता. जी माहिती माझ्यासमोर होती तिच्या आधारे आजही मी तोच मांडीन. म्हणून दिवाकरजींचे भाषण ऐकताना मी चपापलो. त्यांच्या तोंडून माझाच युक्तिवाद बाहेर पडत होता, जवळजवळ माझ्याच क्रमाने. फरक एवढाच की मी तो तुझ्यासमोर करीत होतो, तू उत्तर देऊ शकत होतीस, आणि मध्ये संत्र्याच्या साली होत्या.

दिवाकरजींविषयी एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. ते दुष्ट नाहीत. त्यांनी दरवर्षी वाफे केले, पालापाचोळ्याची माती वरून खाली आणवली, सावलीची जाळी बांधली, आणि वाट पाहिली. मात्र त्यांनी एक गोष्ट सभेत सांगितली नाही, ती मी इथे नोंदवतो. तू फांद्या आणल्या होत्यास. एकदा नव्हे, वारंवार. कलमांचे जेवढे प्रकार माणसाला ठाऊक आहेत तेवढे करून पाहिलेस, त्यांच्याच वाफ्यांत, त्यांच्याच देखत. एकही जगले नाही. किनाऱ्याच्या उष्ण हवेत ती फांदी आठवड्याभरात काळी पडायची. म्हणजे ‘झाड खाली येऊ दिले नाही’ हा आरोपाचा भाग तिथेच गळून पडतो. उरतो तो बियांचा.

बियांवर त्यांचा एवढा विश्वास का, हेही सांगायला हवे. तांबपानाचे पहिले शास्त्रीय वर्णन इंग्रजी अमलातल्या एका साहेबाने केले. त्याने वाळवलेला नमुना परदेशातल्या एका संग्रहात आहे आणि त्या फांदीवर फळे आहेत, मिऱ्याएवढी, प्रत्येकात एक बी. वर्णनात फळ आहे, चित्रात फळ आहे, म्हणून जो तो वनस्पतिशास्त्रज्ञ धरून चालला की कड्यावरही फळ आहे. तुमच्या व्यवसायाची ही खोड तूच मला सांगितली होतीस: कागदावरचे झाड एकदा नीट वाचले की डोंगरावरचे झाड पुन्हा कोणी वाचत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी तो कडा गेला. चक्रीवादळ, मग सलग पाऊस, आणि डोंगराची ती बाजू झाडांसकट खाली दरीत. तू निवृत्त होऊन आपल्याकडे राहायला आली होतीस. तुझ्या जुन्या वाटाड्याचा फोन आला तेव्हा तू स्वयंपाकघरात भेंडी पुसत बसली होतीस. तू ऐकलेस, “एक भी नहीं?” एवढेच विचारलेस, फोन पालथा ठेवलास आणि उरलेली भेंडी पुसून, चिरून, परातीत पसरून ठेवलीस. मग हात धुतलेस.

मी म्हणालो, “मी सांगत होतो.”

“हो भाऊ,” तू म्हणालीस. “सांगत होतास.”

एवढेच. अख्ख्या आयुष्यात तू माझे म्हणणे उलट न बोलता मान्य केलेस ते त्या एका दिवशी. मी कोर्टात जिंकलो की घरी पेढे आणायचो. त्या दिवशी जेवताना आपण दोघेही ताटाकडे पाहत होतो आणि रेणू मीठ जास्त झाले का म्हणून विचारत राहिली.

तू आजारी पडलीस ती नंतर. फुप्फुसे. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांची ओल. उन्हाळ्यात झाशीत लू चालते तेव्हा धडधाकट माणसाला श्वास घेणे जड जाते; तुला आम्ही कूलरसमोर ठेवले, त्याला ओला वाळा लावला. तू डोळे मिटून पडायचीस आणि म्हणायचीस की वाळ्याचा वास चुकीचा आहे पण ओल बरोबर आहे. तुझ्या पोटऱ्यांवर जळवांचे जुने डाग होते. रेणू तेल लावताना मोजायला लागली तशी तू म्हणालीस, “मत गिन, बिटिया. यही तो मेरी पेंशन है.” ती हसली आणि उठून बाहेर गेली. ती बाहेर का गेली हे तुला कळले होते आणि मलाही.

आता त्या दुपारचे. परसात रेणूने लावलेली पपई उंच झाली होती, लांब लोंबत्या देठांना फुले येत, फळ धरेना. ती दारातूनच म्हणाली, “बुआजी, ये पपीता तो नर निकल गया. माली कहता है, काट के दूसरा लगा दो. कटवा दूँ?”

तू मान वळवून परसाकडे पाहिलेस.

“बुआजी?”

“रहने दे,” तू म्हणालीस. “उसका क्या क़सूर है.”

रेणू गेल्यावर तू मला म्हणालीस, “भाऊ, दार लोट. बस.” आणि तू मला ती गोष्ट सांगितलीस. धाप लागत होती, वाक्य मध्येच तुटत होते, तरी तू क्रम सोडला नाहीस. काय सांगितलेस ते मी शेवटी लिहिणार आहे. कोर्टातही मी असेच करीत असे. मुख्य वस्तुस्थिती आधी सांगितली की मंडळी उठून चहाला जातात आणि बाकीचे ऐकत नाहीत. आणि बाकीचे ऐकायलाच हवे.

मी तुला पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच हा, की मग इतकी वर्षे गप्प का राहिलीस? सगळ्यांनी हट्टी म्हटले, कार्यालयात टोमणे मारले, दिवाकरजींनी वरिष्ठांकडे तक्रार केली, सख्ख्या भावाने गच्चीवर उलटतपासणी घेतली. एका वाक्यात सगळे मिटले असते.

तू म्हणालीस, “आणि कडाही मिटला असता.”

त्या कड्यावरून रस्ता काढून माथ्यावर मनोरा उभारायचा, असा बेत अनेक वर्षे घोळत होता. तो दर वेळी एकाच कारणावरून मागे पडत गेला: तिथे एक दुर्मिळ झाड आहे, त्याचे बी अजून गोळा व्हायचे आहे, ते झाले की पाहू. बी मिळण्याची आशा होती तोवर कड्याला हात लागत नव्हता. त्याच कड्यातून खालच्या वस्तीचे पाणी झिरपत येत होते. बाकीची झाडे, शेवाळे, पाखरे तिथे होती. त्यांच्यासाठी कोणी एक कागदही हलवला नसता. तांबपानाच्या नावावर ती सगळी जगत होती. तू खरे बोलली असतीस तर पहिला प्रश्न आला असता: मग हा पहारा कशासाठी?

“हे न्यायालयात टिकलं नसतं,” मी म्हणालो. “वस्तुस्थिती दडवणं म्हणतात याला.”

“म्हणूनच तुला सांगितलं नाही.”

“माझ्यावर विश्वास नव्हता?”

“होता. तू शपथेवर खोटं बोलणार नाहीस, हाच विश्वास होता.”

मालू, तू मला हे सांगितलेस आणि मला राग आला. आजही आहे. गच्चीवरच्या त्या सगळ्या हिवाळ्यांत मी एका बाजूने लढत होतो आणि तू लढतच नव्हतीस. तू मला माझे युक्तिवाद झिजवू देत होतीस. प्रतिपक्ष म्हणून तू मला कमी लेखलेस, हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो. तू म्हणालीस, “कमी नाही रे. कोणीतरी हक्कानं भांडायला हवं होतं. तिकडे सगळे अदबीनं भांडत होते.” मी उठून कूलरमध्ये पाणी घातले. टाकी भरलेलीच होती, पाणी फरशीवर सांडले, आणि तू म्हणालीस, “भाऊ, बेट करतोस का घराचं?”

तुझे दुसरे कारण तू अधिक हळू आवाजात सांगितलेस. तुला आशा होती. दर पावसाळ्यात तू कड्याच्या पलीकडल्या घळींत उतरत होतीस. वाटाड्याने दोर धरायचा आणि तू ढगात उतरायचीस, एकेका झाडाची फुले भिंगाखाली पाहायचीस आणि वर यायचीस. डोंगर मोठा आहे, म्हणायचीस, सगळा कोणी पाहिलेला नाही, एखादे असेल. लोकांना वाटले, बाई आपल्या झाडांवर नागोबासारखी बसली आहे. प्रत्यक्षात तू त्यांच्यासाठी शोधत फिरत होतीस, आणि दरवर्षी रिकाम्या हाताने खाली येऊन दिवाकरजींच्या रिकाम्या वाफ्यांपुढे उभी राहून म्हणत होतीस, यंदा नाही.

“दरड पडल्यावर तरी सांगायचंस,” मी म्हणालो. “आता कोणाचं काय बिघडणार होतं?”

“दिवाकरचं,” तू म्हणालीस. “त्याला निदान कोणावर तरी चिडता येतं. हे सांगितलं तर तो कोणावर चिडणार?”

हा तुझा न्याय. तो मला मान्य नाही. ज्याच्यावर तू इतकी दया केलीस त्याने तुझ्या हार घातलेल्या छायाचित्रासमोर तुला एका जातीची मारेकरीण ठरवले. जिवंत माणसाने स्वतःवर आळ घेतला तर तो त्याचा अधिकार. मेलेल्या माणसावरचा आळ उतरवणे हा मागे राहिलेल्यांचा अधिकार आहे. तू हयात असेतोवर मी तोंड मिटून बसलो. त्या बाबतीत तरी तू मला नावे ठेवू शकणार नाहीस.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनजवळच्या हॉटेलात दिवाकरजींना भेटलो. गाडीला अवकाश होता. ते पोहे खात होते. मला पाहून उठले, पाया पडले. मी म्हणालो, “एक ही सवाल. आपने वह बीज अपनी आँख से कभी देखा?”

“देखने देतीं, तब न, वकील साहब!”

“पेड़ पर? ज़मीन पर? किसी चिड़िया की बीट में? कहीं भी?”

त्यांनी चमचा बशीत ठेवला. “वर्णन में है. नमूने पर है. दुनिया जानती है कि फल आता है.”

“मैंने दुनिया का नहीं पूछा.”

“नहीं,” ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. “हर साल क्यारी बनाई मैंने. अपने हाथ से. आप नहीं समझेंगे. हर साल ख़ाली. आदमी किसको दोष दे?”

तू म्हणाली होतीस तेच शब्द, जवळजवळ. मी तिथेच सांगू शकलो असतो. नाही सांगितले. आरोप भरसभेत झाला होता. उत्तर हॉटेलच्या टेबलावर, पोह्यांच्या बशीशेजारी द्यायला मी तयार नव्हतो. मी त्यांना एवढेच म्हणालो की स्मरणिका तुम्हाला पोस्टाने येईल, ती शेवटपर्यंत वाचा. ते दारापर्यंत सोडायला आले. “नाराज़ हैं आप,” ते म्हणाले. मी म्हणालो, “जी, बहुत.” त्यांनी मला रिक्षात बसवले आणि माझी काठी हातात दिली. नाराज माणसाशीही ते अदबीने वागतात. तू त्यांना जपलेस ते का, हे मला तेवढ्यापुरते कळले आणि त्यामुळे अधिकच संताप आला.

घरी आल्यावर रेणूने विचारले, “क्या कहा उन्होंने?” मी सांगितले. तिने ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, “बाबूजी, लिख दीजिए. बुआजी नाराज़ हों तो मुझसे हों.” म्हणून लिहितो आहे. तुला आवडणार नाही. तुझ्या आवडीनिवडीचा मी आजवर कधी विचार केला नाही, आता तेराव्यानंतर काय सुरू करणार.

मालू, तुझ्याशिवाय घरात वाद घालायला कोणी उरलेले नाही. मुलगा हो म्हणतो, रेणू नाही म्हणते, पण दोघांपैकी कोणीही उत्तर देत नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की घडी करून बाजूला ठेवतो, आणि मग लक्षात येते की ते आता कुठे पाठवायचे नाही. तू मला फसवलेस याचा राग आणि तू मला शेवटी सांगितलेस याचे ऋण, दोन्ही माझ्याकडे आहेत, आणि कोणते जड हे मी ठरवू इच्छित नाही. तुला दिलेला शब्द मी मोडत नाही, कारण तू तो मागितलाच नव्हतास. ‘कोणाला सांगू नकोस’ एवढे तरी म्हणायचे होतेस. वकिलापाशी इतके ढिले राहू नये.

आता वस्तुस्थिती.

पपईत असते तसेच तांबपानात नर आणि मादी वेगवेगळे असतात. फळ फक्त मादीला येते. तो साहेब कड्याशी पोचला तेव्हा फळे लागलेले झाड दरीवर झुकलेले होते, फांदीपर्यंत हात पोचेना. त्याने माणसांकडून ते बुंध्यापासून तोडवले, फांदी कापून घेतली आणि बाकीचे तिथेच टाकले. त्या काळी नमुने असेच घेत असत, आणि त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनात तसे छापलेही आहे, कोणालाही वाचता येईल. त्यानंतर त्या कड्यावर जेवढी तांबपाने कोणी पाहिली, तू दोरावर लोंबकळून भिंगाखाली एकेक करून तपासलीस, दिवाकरजींनी खालून बोट दाखवून ज्यांचे बी मागितले, आणि शेवटी दरडीबरोबर जेवढी दरीत गेली, ती सगळी नर होती.